परराज्यातून गाडी आणताय? सीमा ओलांडण्याआधी कागद पुरे करा

सोलापूरच्या दक्षिणेला तासाभरात कर्नाटक लागतं, पूर्वेला नळदुर्ग-उमरग्यावरून गेलं की पुढे बिदरची हद्द आणि तेलंगणा. आपल्यातल्या कितीतरी घरांची सोयरीक विजापूर, गुलबर्गा, बिदर, हैदराबादला आहे. साहजिकच गाडीचा सौदाही तिकडेच जमतो. "चाचा, हैदराबादला तीच गाडी साठ हजारांनी स्वस्त मिळतेय, घेऊ का?" असा प्रश्न आमच्याकडे दर आठवड्याला येतो. दुसरा प्रश्न येतो आखाती देशातल्या भावंडांकडून : "इथे नवीन गाडी घेतलीय, मागे जोडायचा ट्रेलरही आहे, गावी आणता येईल का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर कागदांत आहे. स्वस्त वाटणारी गाडी सीमा ओलांडल्यावर किती महाग पडते, आणि कागद अर्धवट राहिले तर ती कोणाच्या गळ्यात पडते, हे आधी कळलेलं बरं. म्हणून हा लेख.

सीमा आपल्याला नवी नाही

सप्टेंबर १९४८ पर्यंत नळदुर्ग, तुळजापूर हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सोलापूर इंग्रजी मुलखात. मधल्या सीमेवर संस्थानाचं जकात खातं बसलेलं असे, त्याला 'करोडगिरी' म्हणत. तिकडे चलनही वेगळं, हाली शिक्क्याचं. माल इकडून तिकडे नेला की करोडगिरी भरावी लागे. घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आढळतो.

संस्थान गेलं, पण गाडीवरचा सीमाकर लगेच गेला नाही. बाहेरच्या राज्यातून गाडी आणली की प्रवेशकर घेणारा महाराष्ट्राचा १९८७ चा कायदा होता. शहराच्या वेशीवर जकात नाका होता. (आपण देतो ती जकात वेगळी, नाक्यावरची वेगळी, शब्द मात्र एकच.) १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि प्रवेशकराचं प्रकरण मिटलं. आज कर्नाटकात घेतलेल्या नव्या गाडीवर तिथे जो जीएसटी लागतो, तोच सोलापुरात लागतो.

मग सीमेवर उरलं काय? उरला तो रोड टॅक्स. वाहनांवरचा कर हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे. प्रत्येक राज्याचा दर वेगळा आणि प्रत्येक राज्याला तो आपल्याच तिजोरीत हवा असतो. गाडी राज्य बदलते तेव्हा होणाऱ्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

नवी गाडी : स्वस्ताई नेमकी कुठे आहे ते बघा

नवी गाडी बाहेरच्या राज्यातल्या शोरूममधून घेता येते. अट एवढीच की कायमची नोंदणी जिथे तुमचं राहतं घर किंवा धंदा आहे आणि गाडी जिथे ठेवणार आहात, त्या राज्यातच करायची. म्हणजे शोरूम विजापूरचं असलं तरी नंबर एमएच-१३ चाच घ्यायचा. अकलूज कार्यालयाच्या हद्दीत राहत असाल तर एमएच-४५.

त्यासाठी शोरूमकडून तात्पुरती नोंदणी करून घ्यावी लागते. ती ठरावीक मुदतीची असते आणि मुदत कागदावर लिहिलेली असते. तेवढ्यात गाडी सोलापूरला आणून इथल्या परिवहन कार्यालयात हजर करायची. सोबत लागतात ते मुख्य कागद असे :

- फॉर्म २० : नोंदणीचा अर्ज
- फॉर्म २१ : विक्रेत्याने दिलेलं विक्री प्रमाणपत्र
- फॉर्म २२ : गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र
- खरेदीचं बिल, विमा, तात्पुरत्या नोंदणीचा कागद
- सोलापूरच्या पत्त्याचा पुरावा आणि पॅन
- कर्ज असेल तर बँकेचे कागद

आता पैशाचा हिशोब. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला एकरकमी कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यात दोन टक्के जास्त. ८ लाखांची पेट्रोल गाडी घेतली तर इथे ८८,००० रुपये कर. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, म्हणजे त्याच गाडीला १,१२,००० रुपये. म्हणून कर्नाटकातून नवी गाडी घ्यायची असेल तर तिथला नंबर चुकूनही घेऊ नका. तिथे जास्त कर भरायचा, मग इथे पुन्हा भरायचा आणि तिथला परत मिळावा म्हणून चकरा मारायच्या, असा तिहेरी ताप होतो.

शोरूमवाला "राहू द्या ना, इथलाच नंबर घ्या, माझ्या ओळखीचा पत्ता लावतो" म्हणाला तर तिथेच उठा. ज्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही तो पत्ता दाखवणं म्हणजे सरकारी कागदावर खोटी माहिती देणं. उद्या अपघात झाला, विम्याचा दावा आला, तर पहिला प्रश्न त्याच पत्त्यावर निघेल.

जुनी गाडी : इथेच जास्त लोक अडकतात

जुन्या गाडीचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला प्रकार, गाडी तुमचीच आहे आणि तुम्ही राज्य बदललं. समजा नोकरीमुळे हैदराबादला होतात, तिथे गाडी घेतली, आता सोलापूरला परत आलात. कायदा म्हणतो की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर त्या राज्याचा नवा नंबर घ्या. अर्ज फॉर्म २७ चा. त्यासोबत जुन्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी, जोडायचा. एनओसीचा अर्ज फॉर्म २८ चा.

दुसरा प्रकार, गाडी दुसऱ्याची होती आणि तुम्ही विकत घेतली. इथे "१२ महिने तर चालते" हे वाक्य लागू होत नाही. मालक बदलला आहे. खरेदी करणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आपल्या भागातल्या कार्यालयाला कळवायचं असतं. विकणाऱ्याने फॉर्म २९ द्यायचा, घेणाऱ्याने फॉर्म ३०. गाडी परराज्यातली असेल तर विकणाऱ्याने ४५ दिवसांत एनओसी पुरवायची, अशी तरतूद आहे. गाडीवर कर्ज असेल आणि ते फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. बँकेचं नाव आरसीवर तसंच असेल तर व्यवहार पुढे सरकत नाही.

एनओसी देताना जुनं कार्यालय तीन गोष्टी बघतं : कर थकला आहे का, चलन बाकी आहे का, गाडी एखाद्या गुन्ह्यात हवी आहे का. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत देणं किंवा नाकारणं कार्यालयावर बंधनकारक आहे. काहीच उत्तर आलं नाही तर दाखला दिला असं धरलं जातं. पण त्यासाठी अर्जाची पोच तुमच्याकडे हवी. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

एनओसी हातात आली की सोलापूरच्या कार्यालयात अर्ज, गाडीची तपासणी, चॅसी नंबरची छाप आणि इथला कर. जुन्या गाडीवरचा कर तिच्या वयानुसार कमी होत जातो. तो भरला, नवा नंबर मिळाला, मग नव्या आरसीची प्रत लावून जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागता येतो. लक्षात ठेवा, आधी इथे पूर्ण भरायचं, मग तिथून मागायचं. परतावा ज्याच्या नावाने कर भरला त्याला मिळतो की तुम्हाला, हे सौदा करतानाच लिहून घ्या. कित्येक सौद्यांत ही रक्कम विकणाराच घेऊन बसतो.

"साठ हजार वाचले" चा खरा हिशोब

सौदा करण्यापूर्वी कागदावर एक उभी यादी करा. गाडीची किंमत. त्याखाली इथला कर. मग एनओसीसाठी दोन-तीन फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेली रोजी. विमा नावावर करण्याचा खर्च. नवी नंबर प्लेट. जुन्या राज्यातलं थकलेलं चलन. एजंट लावला तर त्याचे पैसे. ही बेरीज सोलापुरातल्या त्याच गाडीच्या भावाशी ताडून बघा. बऱ्याच वेळा साठ हजारांचे पाच हजार उरतात, कधी उलटे खिशातून जातात.

गाडी मोठी, कमी चाललेली आणि एकाच माणसाने वापरलेली असेल तर सौदा परवडू शकतो. आठ-दहा वर्षं जुन्या छोट्या गाडीसाठी ही धावपळ सहसा परवडत नाही.

स्वस्त गाडीमागे आणखी एक कारण असू शकतं : पाणी. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादला, डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईला पूर आला आणि हजारो गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मुळाशी चिखलाची रेघ दिसते का. गालिचा उचलून बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का. विमा कंपनीकडून त्या गाडीवर घेतलेल्या दाव्यांची माहिती मागा. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या. त्याचा एक दिवसाचा पगार वसूल होतो.

चोरीच्या गाडीची शंका दूर करण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही सोय आहे. चॅसी आणि इंजिन नंबर टाकून तपासता येतं. चॅसी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. तो गाडीवर स्वतः वाचा, आरसीशी एकेक अक्षर जुळवा. फोनवर पाठवलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका.

आणि हो, "मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, आधी वाहतुकीचे पैसे पाठवा" किंवा "कस्टमने पकडलेली गाडी निम्म्या भावात" असे फोन आले तर ती गाडी मुळात नसतेच. गाडी आणि तिचा मालक समोर असल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

नाव न बदलल्याचा भार कोण उचलतो?

आपल्याकडे एक सवय खोलवर रुजलेली आहे. गाडी विकली, पैसे घेतले, फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या आणि विषय संपला असं मानलं. ओळखीचा माणूस आहे, भाईचाऱ्याचा मामला आहे, कागद कशाला?

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं होतं. अपघात झाला. न्यायालयाने सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याच्या नजरेत मालक. जखमींना आणि मृतांच्या वारसांना भरपाई देण्याची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने खरा मालक शोधत फिरायचं, हे न्यायालयाला मान्य नाही.

याचा अर्थ समजून घ्या. तुमच्या अब्बांनी पाच वर्षांपूर्वी गुलबर्ग्याच्या कोणाला रिक्षा किंवा टेम्पो विकला, त्याने नाव बदललं नाही, विमाही भरला नाही, आणि गाडीने कोणाला उडवलं, तर नोटीस सोलापूरच्या घरी येईल. भरपाईची रक्कम लाखांत असते. त्या घरात मुलीचं लग्न ठरलेलं असेल, कोणाचं शिक्षण चालू असेल. कोऱ्या सहीची किंमत ही आहे.

म्हणून विकणाऱ्यांनाही आमचं सांगणं आहे. फॉर्म २९ स्वतः जमा करा, नवी आरसी निघेपर्यंत पाठपुरावा करा. गाडी दिली तो दिवस आणि वेळ लिहून दोघांच्या, साक्षीदारांच्या सह्या घ्या. देण्याघेण्याची लिखापढी करा ही शिकवण आपल्याला कोणी नव्याने द्यायला नको.

विम्याचंही तसंच. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेला असं कायदा मानतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. आणि जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलत त्याचीच असते, ती गाडीसोबत येत नाही. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मामूंनी भाच्याला गाडी भेट दिली तरी नाव बदलावं लागतं. मालकाचा इंतकाल झाला असेल तर वारसाने ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. बाकी वारसांची संमती लेखी घ्या, पुढे भावाभावांत वाद नको.

ट्रेलर असेल तर?

पाश्चात्त्य देशांत गाडीमागे जोडायचं फिरतं घर असतं, तसं आपल्याकडे फार नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून टेम्पो ट्रॅव्हलरचं घर करून फिरणारी कुटुंबं थोडी दिसू लागली आहेत. आपल्या जिल्ह्यात ट्रेलर म्हटलं की आठवते ती ऊस वाहणारी ट्रॉली, आणि तीही पुष्कळदा सीमेपलीकडच्या कारखान्यातून बनवून आणलेली असते.

कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली असो की फिरतं घर, ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. मोटार वाहनाच्या व्याख्येतच त्याचा समावेश आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. शिवाय जी गाडी त्याला ओढते तिचा नंबर ट्रेलरच्या मागच्या बाजूला दिसला पाहिजे. "ट्रॅक्टरचे कागद आहेत ना" हे उत्तर ट्रॉलीला चालत नाही. परराज्यातून ट्रेलर घेताना बनवणाऱ्याकडून मंजूर नमुन्याचा कागद, फॉर्म २१ आणि २२ मागून घ्या. ते नसतील तर तुम्ही लोखंड विकत घेताय, वाहन नव्हे. बिननोंदणीचं वाहन चालवण्याचा पहिला दंडच २,००० ते ५,००० रुपये आहे.

साध्या व्हॅनमध्ये पलंग, गॅस, टाकी बसवून घर करायचं असेल तर तो गाडीच्या मूळ रचनेतला बदल ठरतो. परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. तसं न करता विजापूरच्या गॅरेजमध्ये काम करून आणलं तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

आखातातून गाडी आणायची असेल तर

सौदी, दुबई, कतारमधल्या भावांना आम्ही सरळ सांगतो : हा विचार सोडा. तिकडच्या गाड्यांचं स्टीअरिंग डावीकडे असतं. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर स्टीअरिंग उजवीकडे हवं, गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि ती मुंबईच्या बंदरातूनच आली पाहिजे. नव्या गाडीलाही उजवं स्टीअरिंग लागतंच. म्हणजे तिथली बहुतेक वाहनं पहिल्याच अटीत बाद होतात.

अटीत बसली तरी सीमाशुल्क आणि इतर कर मिळून गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त होतात. वर महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के. त्याच पैशात इथे दोन गाड्या येतील.

फक्त फिरण्यासाठी स्वतःची गाडी घेऊन देशोदेशी जायचं असेल तर 'कार्ने' नावाचा दस्तऐवज असतो. गाडीचा पासपोर्टच म्हणा. गाडी परत नेण्याची हमी त्यात असते, म्हणून दर सीमेवर शुल्क भरावं लागत नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन तो देते. नेपाळला जाताना मात्र सीमेवर 'भन्सार' भरून परवाना घेतला की पुरतं.

नोकरीत बदल्या होत असतील तर

ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या 'बीएच' मालिकेचा नंबर सर्वांसाठी नाही. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम आणि ज्या खासगी कंपन्यांची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांचे नोकर, यांनाच तो मिळतो. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. पुण्या-बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी गाडी घेण्याआधी कंपनीच्या कार्यालयात याची चौकशी जरूर करावी.

सौद्याच्या दिवशी

आरसीवरच्या मालकाशी समोरासमोर बोला. पैसे बँकेतून, त्याच्याच खात्यावर द्या. एनओसी निघेपर्यंत मोठी रक्कम हातची ठेवा आणि ही अट करारात लिहा. थकलेली चलनं ऑनलाइन बघून विकणाऱ्याकडून भरून घ्या. फास्टॅग जुन्याचा काढून नवा लावा. पीयूसी आणि विमा चालू असल्याशिवाय गाडी सीमेकडे वळवू नका. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढा, एक गाडीत, एक घरात ठेवा.

एजंट लावायला हरकत नाही, पण मूळ आरसी आणि कोऱ्या सह्या त्याच्या हवाली करू नका. अर्ज तुमच्या मोबाइल नंबरने भरला तर प्रत्येक टप्प्याचा संदेश तुम्हालाच येतो. घरात संगणक येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना सोबत बसवा. निम्मं काम घरबसल्या होतं.

गाडी घराच्या सुखासाठी घेतली जाते. नंबर, नाव आणि विमा तिन्ही आपल्या नावावर झाले की मगच सौदा पुरा झाला असं समजा. तोवर मिठाई वाटायची घाई नको.